बुरशीचं विरजण

कुरुंदवाडच्या अलीकडं, पुराचं पाणी जिथवर चढत नाही अशा उंचवट्यावर बसाप्पाचा पानमळा होता. रत्नव्वा लग्न होऊन त्या मळ्याशेजारच्या घरात आली तेव्हा परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली पोर होती. आता तिचे केस पांढरे झाले होते. मधल्या सगळ्या वर्षांत तिनं त्या मळ्यात एकदाही पाय ठेवला नव्हता. मळा लांब होता असंही नाही. चुलीपुढून उठून हात पुसत निघालं तर हात कोरडे व्हायच्या आत कवाड यायचं. तिथवर जायचं आणि थांबायचं.

पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. मामलेदार आला तरी त्यानं कवाडाशी वहाणा काढायच्या आणि मग आत यायचं. ही रीत सगळ्याच पानमळेवाल्यांची. बसाप्पाच्या घराण्यानं मात्र त्यावर आपली एक वाढीव रीत चढवली होती. बाईमाणसानं आत जायचंच नाही. बाईची सावली पडली की वेल सुकते, असं बसाप्पाचा आजा सांगे. हे त्याला वेलीनं कधी येऊन सांगितलं होतं, ते कुणी विचारलं नाही. गड्यांच्या भाकऱ्या बाईनं थापलेल्या चालत होत्या. शेणखत बाईनं पाटीपाटीनं वाहून कवाडाशी आणलेलं चालत होतं. त्या खतावर वेली तरारून वर चढत होत्या. कवाडाच्या आत बाई तेवढी नको होती.

तेव्हा रोज दुपारी रत्नव्वा कवाडाशी यायची, फडक्यात बांधलेली भाकरी उंबऱ्याच्या दगडावर ठेवायची आणि हाक मारायची, "अवं, भाकरी ठेवलीया."

आतून आवाज यायचा, "व्हय."

नवराबायकोचं दिवसाचं बोलणं बहुतेक एवढंच. बसाप्पा वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, कधी उणा शब्द नाही; पण अधिक शब्दही नाही. उजाडलं की मळ्यात आणि दिवस मावळला की अंथरुणात. मूलबाळ झालं नाही. बोलायला घरात माणूस नव्हतं, म्हणून रत्नव्वा भाकरी ठेवून झाली की कुडाला लागून असलेल्या चिंचेखाली टेकायची आणि रिकामं फडकं बाहेर येईपर्यंत शेळीशी बोलायची. शेळी चरायला गेलेली असली तर आपली आपल्याशी. भाजी आज खारट झाली, माहेरचं कुणी आलं नाही, पाठीत चमक भरलीय, असलं काहीबाही. मळा दाट, माणूस लांब कुठंतरी वेली बांधत असणार, त्याला कुठलं ऐकू जातंय, अशी तिची समजूत होती.

पौषातल्या एका दुपारी तिनं हाक मारली आणि आतून "व्हय" आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. कवाड नुसतं लोटलेलं होतं. तिनं त्याच्यावर हातही ठेवला होता. पण ती आत गेली नाही. जुना गडी जोतीराम नदीवरनं बैल धुऊन येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि जोतीराम आत गेला तो बसाप्पाला पाठुंगळीला घेऊनच बाहेर आला. अंग अजून ऊन होतं. कडेच्या शेतात त्याला माती दिली. त्यानंतर रत्नव्वाशी "व्हय" एवढं बोलणारंही कुणी उरलं नाही.

मळा जोतीराम बघू लागला. रत्नव्वा त्याची भाकरी कवाडाशी ठेवी. आषाढात तो एक उपटलेली वेल घेऊन बाहेर आला आणि तिच्यापुढं धरली. पानं पिवळी पडून माना टाकलेली, बुडखा कुजलेला, त्याच्यावर कापसासारखी पांढरी जाळी आणि जाळीत मोहरीसारखे दाणे.

"मर लागलीया, वैनी. दादा असतं तर त्येनी निळं पाणी वतलं असतं. म्या बी वतलं. पर थांबंना झालीया."

निळं पाणी म्हणजे मोरचूद आणि चुना. पानमळेवाल्यांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध. बुरशी दिसली की निळं पाणी, इतकं ते त्यांच्या हातात बसलेलं. औंदा मात्र ओळीमागून ओळ माना टाकत होती.

धाकटा दीर विरूपाक्ष येऊन कुडावरून डोकावून गेला. त्याचा स्वतःचा मळा त्यानं कधीच मोडून ऊस केला होता, आणि उसानं त्याचं बरं चाललं होतं. वहिनीला त्यांच्या घरात अत्तिगे म्हणत.

"अत्तिगे, म्या काय तुमच्या वाइटावर न्हाय. पर मरनारा मळा धरून किती दीस बसायचं? दिवाळीपतुर बघू. न्हाय थांबलं तर मोडून ऊस लावूया. तुमी एकट्या कशाला चूल पेटवताय, आमच्यातच जेवा की."

त्यात वाईट काही नव्हतं. पण रत्नव्वाला पुढचं दिसत होतं. दिराच्या घरी ती पंगतीच्या शेवटाला बसणार, चन्नम्मा, म्हणजे तिची जाऊ, वाढेल ते खाणार आणि दिवसभर कुणाच्या तरी अंगणात बसून राहणार. तिचं असं जगात काय होतं? एक मळा, जो तिनं पाहिला नव्हता, आणि त्याचं कवाड. तेही गेलं तर दुपारी जायचं तरी कुठं?

चन्नम्माच्या घरचा रेडिओ भिंतीपलीकडनं ऐकू यायचा. संध्याकाळच्या शेतकीच्या कार्यक्रमात कुणी तरी म्हणालं की पिकाला मर लागली असेल तर मुळासकट झाड घेऊन कोल्हापूरच्या शेतकी कॉलेजात या. भिंतीला पाठ लावून बसलेल्या रत्नव्वानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओल्या पोत्यात वेल गुंडाळून ती एसटीत बसली. कोल्हापूर तिला अंबाबाई आणि जोतिबा एवढंच ठाऊक. स्टँडवर एकाला विचारलं तर तो ओरडला, "काय मावशी, ह्या वयात कालेजात जाताय व्हय?" चारचौघं हसली. ती पोतं उराशी धरून चालू लागली.

कॉलेजात तिला नृसिंह पुजारी भेटला. नरसोबाच्या वाडीचा मुलगा, पूजाअर्चा सोडून मातीतल्या बुरश्यांच्या नादी लागलेला. त्यानं वेल हातात घेतली, बुडखा नखानं खरवडला आणि आतून काचेची एक चपटी बशी आणली.

"मावशी, हे बघा. असल्याच एका मळ्यातली ही पांढरी बुरशी. तुमच्या वेलीला हीच खातेय. आणि ही समोरची हिरवी. आपल्याच मातीत असते. दोघींना एका बशीत समोरासमोर ठेवलं होतं."

हिरवी सरकत सरकत पांढरीच्या अंगावर चढली होती. पांढरी निम्मीशिम्मी दिसेनाशी झाली होती.

"बुरशी बी गुनाची आसती व्हय?" रत्नव्वानं विचारलं.

"ही आहे. ट्रायकोडर्मा म्हणतात हिला."

ते नाव काही रत्नव्वाच्या तोंडी बसलं नाही. तिनं मनात तिचं नाव हिरवी ठेवून टाकलं.

नृसिंहानं तिला ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली हिरवी एका पिशवीत भरून दिली. म्हणाला, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ढीग करा, वर ओलं पोतं टाका, अधूनमधून हलवा. दुधाला विरजण लावतात तसंच हे. सगळं खत हिरवं झालं की वेलींच्या बुडाशी घाला. रोगट ओळीतनं चांगल्या ओळीत जाताना पाय आणि खुरपं धुवा, रोग पायाच्या मातीनंही जातो. आणि मोरचूद लावू नका. त्याला चांगली बुरशी कुठली, वाईट कुठली, ते कळत नाही.

"खात्री देत नाही, मावशी," तो म्हणाला. "बशीत झालं ते शेतात होईलच असं नाही. आम्हीही अजून बघतोच आहोत. मेलेल्या वेली काही परत येणार नाहीत. आणि माझ्याकडं एवढीच आहे. पुन्हा वाढवून द्यायची म्हटली तर दिवाळी उलटेल."

शेणखत हा रत्नव्वाचा जन्माचा प्रांत. कुठलं कच्चं, कुठलं मुरलेलं, ते ती नुसत्या वासावरून सांगे. गोठ्याच्या पडवीत तिनं ढीग घातला, पिशवीतले दाणे कालवले, पोतं भिजवून पांघरलं. रोज सकाळी पोत्याखाली हात घालून बघायची. आत कोमट लागायचं. मग एके दिवशी पोतं उचललं तर ढिगावर हिरवी पूड धरलेली. तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. मग तिनं ते ढिगालाच सांगितलं.

त्या दिवसापासून ती पडवीत बसू लागली. भाकरीसुद्धा तिथंच खायची. गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? रत्नव्वा बुरशी पाळतीया, म्हणून बायका पाणवठ्यावर पदरात तोंड घालून हसल्या. चन्नम्माही हसली असणार. हसू देत. बसाप्पा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच जितं काहीतरी वाढत होतं, आणि ते तिच्या हाताखाली वाढत होतं.

गौरीच्या सणाला भाऊ न्यायला आला. नाही म्हणता येईना. जाताना तिनं जोतीरामला पोत्यावर पाणी मारायला सांगितलं. मळ्यात निळं पाणी घालू नको, हे तर तिनं कोल्हापूरहून आल्या आल्याच कवाडातून सांगितलं होतं. ढिगात काय आहे, ते मात्र सांगितलं नाही. कवाडाच्या अल्याड उभी राहून पल्याडच्या गड्याशी मोजकंच बोलायची तिला सवय. एवढं लांबण कोण लावणार?

ती परत आली तर जोतीराम अंगणातच उभा. तोंड असं फुललेलं, जणू चोर पकडलाय.

"बरं झालं वैनी, म्या बघितलं! पोतं उचलून बघतोय तर खतावर ही हिरवीगार बुरशी चढलीती. म्हटलं, असलं खत मळ्यात गेलं तर उरल्यासुरल्या येली बी गेल्या की. निळं पाणी केलं आन्‌ दिलं वतून. चांगलं भिजवून काढलं."

रत्नव्वानं पोतं उचललं. ढीग निळसर, ओलागच्च. हिरव्याचा मागमूस नाही. पोत्याखाली हात घातला तर खत गार लागलं.

पोतं तिनं खाली टाकलं. काय म्हणून ओरडणार? ह्या माणसानं जन्मभर बुरशी दिसली की हेच केलेलं. बसाप्पानं त्याला हेच शिकवलेलं, आणि बसाप्पाला त्याच्या बापानं. मळा वाचावा म्हणूनच त्यानं ते केलं होतं. तिनं खाली बसून त्याला बारक्या आवाजात सगळं सांगितलं, पांढरी, हिरवी, काचेची बशी. जोतीराम ऐकत ऐकत उकिडवा बसला, आणि मग त्यानं आपल्या कपाळावर हात मारून घेतला. हाताची बोटं अजून निळी होती.

संध्याकाळी रत्नव्वानं सवयीनं दूध तापवलं आणि विरजणाचं बोळकं घ्यायला कोनाड्यात हात घातला. हाताला शेजारचं दुसरंच बोळकं लागलं, फडकं बांधलेलं. ते तिथं का आहे, हे तिला क्षणभर आठवेना. मग तिनं फडकं सोडलं. आत मूठभर खत होतं, आणि खतावर हिरवी.

ती काही मुद्दाम राखून ठेवली नव्हती. नवी नवरी असताना एकदा तिनं सगळं दही वाढून टाकलं होतं आणि सासूनं तिला वाटी देऊन दारोदार विरजण मागायला पाठवलं होतं. ती लाज तिच्या हाताला लागली होती. तेव्हापासून त्या घरात विरजण संपलं नाही. नृसिंह म्हणाला होता, विरजणासारखंच. तिच्या हातानं ते ऐकलं आणि ढीग हिरवा झाला त्या दिवशी मूठभर बाजूला काढून ठेवलं. डोक्याला पत्ताही नव्हता. रत्नव्वा चुलीपुढं बसून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. बसाप्पा मेला तेव्हा ती इतकी रडली नव्हती.

दुसरा ढीग लहान झाला. ह्या वेळी रखवालीला जोतीराम बसला, आणि शेळीलाही त्यानं पडवीत फिरकू दिलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला ढीग हिरवा झाला. रत्नव्वानं पाट्या भरल्या, कवाडाशी आणून ठेवल्या. जोतीराम हात मागं बांधून उभा राहिला.

"म्या न्हाय घालायचा, वैनी. ह्या हातानं तिला मारलीया. माझ्या हाताला यश न्हाय."

"मग कोन घालनार?"

जोतीराम जमिनीकडं बघत होता. "कवाड उघडंच हाय," तो म्हणाला.

रत्नव्वाच्या पायात तसंही काही नव्हतं. तरी तिनं तळवे पदरानं पुसले, पाटी डोक्यावर घेतली आणि आत गेली. एकही वेल सुकून खाली पडली नाही. आत गारवा होता, हिरवा उजेड होता, शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या उंच झाडांवर वेली चढल्या होत्या आणि पानांचा तिखट गोडसर वास कोंडलेला होता. हा वास तिला ओळखीचा होता. बसाप्पाच्या पाठीला तो यायचा.

कवाडातून आत गेल्या गेल्या डाव्या हाताला, कुडाला टेकून, एक सपाट दगड होता. बसून बसून गुळगुळीत झालेला.

"ह्यो कशाचा रं?" तिनं विचारलं.

जोतीराम बाहेरूनच म्हणाला, "दादांचा. भाकरी खायाला तितं बसायचं. कवा दुसरीकडं बसलं न्हाईत." मग म्हणाला, "आन्‌ त्या दिशी बी तितंच हुतं."

रत्नव्वानं पाटी खाली ठेवली आणि त्या दगडावर बसली. कुडाच्या फटीतून चिंचेचा बुंधा दिसत होता. हात घातला असता तर चिंचेला लागला असता. बाहेर जोतीराम खाकरला, ते कानाशी खाकरल्यासारखं ऐकू आलं.

म्हणजे तो इथं बसत होता. ती पलीकडं बसून भाजीचं, पाठीचं, माहेरचं बोलत होती आणि हा इथं बसून भाकरी खात ते सगळं ऐकत होता. रोज. सगळी वर्षं.

"ऐकू येत हुतं की तुमास्नी!" ती मोठ्यानं म्हणाली. तिला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता. एक शब्द टाकला असता तर काय वेली जळल्या असत्या? आणि तो ऐकायला इथं बसायचा, हे कळून तिला बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून आणखी राग येत होता. मग तिला पौषातली ती दुपार आठवली. त्या दिवशी ती कवाडावर हात ठेवून उभी होती. तो इथं होता. एवढ्यावर होता. दोन ढांगा टाकल्या असत्या तर त्याचं डोकं मांडीवर घेता आलं असतं.

बऱ्याच वेळानं ती उठली. खुरप्यानं एकेका वेलीच्या बुडाची माती भुसभुशीत केली, मूठ मूठ खत घातलं, हलकं पाणी दिलं. ओळ संपली की पाय धुतले, खुरपं धुतलं, मग दुसरी ओळ. जोतीराम पाणी आणून देत होता. पुढचे सगळे दिवस ती मळ्यातच होती.

ज्या वेली माना टाकून होत्या त्या गेल्या. त्यांच्या शेजारच्या काही गेल्या. पांगाऱ्याच्या ओळीपाशी येऊन मर थांबली. रत्नव्वा रोज सकाळी पांगाऱ्याच्या पलीकडच्या वेलींची बुडं बोटांनी चाचपून बघे. घट्ट लागायची. नृसिंह एका रविवारी एसटीनं आला, पाय धुऊन आत गेला, बराच वेळ मातीत वाकून बसला.

"यंदा तरी थांबलीय, मावशी. पुढं पुन्हा येईलही. दरसाल घालत राहावं लागेल."

"घालीन की. इरजान हाय माज्याकडं," रत्नव्वा म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर विरूपाक्ष आला. कुडावरून त्यानं निम्मा मोकळा मळा बघितला आणि निम्मा हिरवा बघितला. "ऱ्हाऊ दे औंदा," एवढंच म्हणून तो गेला.

घरी जाऊन त्यानं काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नव्वा दगडाजवळच्या वेली बांधत होती, तेव्हा बाहेर बांगड्या वाजल्या. कुणीतरी उंबऱ्याच्या दगडावर काही ठेवलं.

"अक्का, भाकरी ठेवलीया." चन्नम्माचा आवाज होता.

"व्हय," रत्नव्वा म्हणाली.

म्हणाली आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. तो तिचा आवाज नव्हताच. बसाप्पाचा तोच तुटका सूर, मान न वळवता टाकलेला. बाहेर चन्नम्मा गेली नाही. चिंचेखाली लुगड्याची सळसळ झाली. ती खाली बसली होती. थोड्या वेळानं ती हळूच शेळीला म्हणाली, "घरात माणसं असून बी दीस जाईना गं बाई." तिची दोन्ही पोरं उसाच्या ट्रॅक्टरवर, नवरा कारखान्यावर, दिवसभर तो रेडिओ तेवढा बोलायचा. हे रत्नव्वाला इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, पण तिनंही कधी विचारलं नव्हतं.

तिनं सुतळी खाली टाकली, कवाडाशी गेली आणि ते सताड उघडलं. चन्नम्मा दचकून उभी राहिली.

"चन्ने, पायातलं काड," रत्नव्वा म्हणाली, "आन्‌ आत ये. दोगी मिळून खाऊया."